कासवाला हुंकारा

जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात हर्सूलच्या तलावातून एक कासव निघालं. त्याला पुंडलिकनगरला आमच्या बालवर्गात यायचं होतं. रस्ता माहीत नव्हता, रिक्षावाले थांबत नव्हते, आणि मुळात ते कासव असल्यामुळे दिवाळीपर्यंत जेमतेम सिडकोत पोचलं. ही गोष्ट माझीच. रोज सकाळी प्रार्थना झाली की मी सतरंजीवर मांडी घालून बसायची आणि कासवाला थोडं पुढे सरकवायची. थोडंच. कासवाला घाई करून चालत नाही, आणि खरं सांगायचं तर उद्या ते कुठे जाणार हे मलाही आज माहीत नसायचं.

मी बालवर्गात किती वर्षं शिकवते ते विचारू नका. माझ्याकडे गोष्टी ऐकलेली एक मुलगी आता स्वतःच्या मुलाला माझ्या वर्गात सोडायला येते आणि दारातच त्याला बजावते, "ताई गोष्ट सांगत असताना जांभई देऊ नको, त्यांना राग येतो." खरं आहे, येतो. बाकी सतरंजीवर पाणी सांडा, खडू चघळा, दुसऱ्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी पळवा, मी फारसं मनावर घेत नाही. गोष्टीत मात्र जांभई नको.

आमची शाळा म्हणजे एका घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. शेजारी पिठाची गिरणी आहे. वारा आमच्या बाजूचा असला की मुलं घरी जाताना थोडी पांढरी होऊन जातात आणि त्यांच्या आया मला विचारतात की आज खडूने खेळवलं का. मी हो म्हणते. गिरणीवाल्याशी भांडण काढण्यापेक्षा ते सोपं पडतं.

आता हे कासव कशासाठी, तर वाचायला शिकवण्यासाठी. भिंतीवरच्या तक्त्यात पहिलं अक्षर अ, आणि अ अननसाचा. आमच्या गल्लीत हातगाडीवर पेरू येतात, सीताफळं येतात, बोरं येतात. अननस मी स्वतःसुद्धा लग्नाच्या पंगतीतच जास्त पाहिलाय. ज्याच्याशी आपली ओळख नाही त्याच्यासाठी पाच वर्षांच्या पोरानं पाटीभर अ का गिरवायचा, हे मला कधी कळलं नाही. पण कासवाशी आमची ओळख होती. त्याला सर्दी कधी झाली, त्याने सिग्नलला कोणाची शिवी ऐकली, सगळं आम्हाला ठाऊक होतं. म्हणून आमच्या वर्गात सगळ्यात आधी आला तो कासवाचा क.

त्यातून मी एक सोय करून ठेवली होती. कासवाने माणसांना पत्ता विचारला की माणसं घाबरून पळायची, त्यामुळे बिचाऱ्याला दुकानांच्या पाट्या वाचत यावं लागायचं. मी रोज एक पाटी पुठ्ठ्यावर लिहून आणायची. कधी चहा, कधी दवाखाना, कधी केस कापा. पाटी वाचल्याशिवाय कासव पुढे जाणार नाही, आणि कासव पुढे गेलं नाही तर आमचा जीव वर-खाली. मग मुलं रस्त्यातल्या खऱ्या पाट्या बघायला लागली. एक मुलगी आईच्या स्कूटरवरून उतरली तीच ओरडत, "ताई, किराणावर पण कासवाचा क आहे! पण त्याने फेटा बांधलाय!" तेव्हापासून आमच्याकडे वेलांटीला फेटा म्हणतात. एक मुलगा घरी दखनी बोलणारा. तो रोज फाटकातच मला गाठायचा.

"ताई, कछवा किधर तक आया?"

"टीव्ही सेंटरच्या चौकात."

"अब्बी बी टीव्ही सेंटर? कल बी वहींच था!" आणि कपाळावर हात मारून आत जायचा, एखादा मुकादम कामाच्या ठिकाणाहून जातो तसा.

मला हे दिवस फार आवडायचे. सांगून टाकते. सकाळी चपला घालताना मला हसू यायचं.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. मूळची अजिंठ्याकडच्या एका गावातली. आजोबांची मेंढरं होती, अजून थोडी आहेत. वडील शिकले, चिकलठाण्याच्या एका कंपनीत लागले आणि बायको-मुलीला घेऊन पुंडलिकनगरात भाड्याच्या खोलीत आले. मुलगी जूनपासून वर्गात एक शब्द बोलली नव्हती. रांगेत उभी राहायची, डबा संपवायची, दप्तर नीट लावायची, चित्रं काढायची. प्रत्येक चित्रात चार पायांचं, ढगासारखं काहीतरी असायचं. तिला काही विचारलं की ती माझ्याकडे नीट बघायची, जणू मीच काहीतरी विसरले आहे आणि मला आठवेपर्यंत ती थांबायला तयार आहे. मी पण हट्टी. म्हटलं, बोलेल तेव्हा बोलेल.

श्रावणात एका सकाळी कासव हर्सूलच्या जेलपाशी आलं. मी आवाज खाली आणून सांगत होते. "त्याने वर पाहिलं, तर भिंत. लांबच लांब, उंचच उंच भिंत." आणि श्वास घ्यायला थांबले.

"हं," कोपऱ्यातून आवाज आला.

मी बघितलं, तर तीच. तोंड मिटलेलं, मान किंचित पुढे.

"कासवाला वाटलं, हे एवढं मोठं कवच कोणाचं बाई?"

"हं."

मुलं फिदीफिदी हसली. ती हसली नाही, लाजलीही नाही. ती कामात होती. मी पुढचं वाक्य टाकलं, तिने हं दिला. आणखी एक, आणखी हं. त्या दिवशी कासव नेहमीपेक्षा लांब गेलं, कारण मला थांबवेना. समोरून कोणी असा नेमका हं देत असेल तर गोष्ट सांगणाऱ्याच्या अंगात येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

शाळा सुटताना तिची आई आली, तेव्हा मी तिला बाजूला घेतलं. ती घाबरलीच.

"काही वाकडंतिकडं केलं का बाई हिनं?"

"नाही हो. आज बोलली."

"व्हय? काय म्हणाली?"

"हं म्हणाली."

आईने पदर तोंडाला लावला आणि हसायला लागली. "हुंकारा दिला असंल. आमच्याकडं तसंच असतं बाई. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकारा लागतो. हिचे आजोबा मेंढरामागं फिरताना गोष्टी सांगायचे, तवा कुणीतरी एकानं हुंकारा द्यायचाच. नाय दिला की म्हातारं तिथंच थांबायचं. लई हट्टी! म्हणायचं, मेंढरं तरी माना हलवत्यात, तुम्ही तेवढंबी करत नाय."

"आणि मग?"

"मग काय? हुंकारा येईस्तोवर गोष्ट जागची हलायची नाय."

ती मुलीचा हात धरून निघाली आणि मी पडवीत उभी राहिले. म्हणजे ही पोर दोन महिने गोष्ट ऐकत बसली होती आणि मनात म्हणत असणार, काय हे लोक! कोणीच हुंकारा देत नाही आणि ह्या बाई तरी सांगतच सुटल्यात. शेवटी तिला राहवलं नसेल. घरी जाताना मी रस्त्यात एकटीच हसत होते, आणि भाजीवाल्याने विचारलं, "काय ताई, लॉटरी लागली का?" मी म्हटलं, लागली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या वर्गात हुंकारा ही जबाबदारीची जागा झाली. रोज एकाचा मान. ज्याची पाळी असेल तो माझ्या समोर बसणार आणि वाक्य संपलं की हं देणार. तुम्हाला वाटेल हं म्हणजे हं, त्यात काय? करून बघा. काही पोरं वाक्य संपायच्या आधीच हं देऊन मोकळी व्हायची, गिऱ्हाईक घाईत असल्यासारखी. एखादी ऐकता ऐकता इतकी रंगायची की हं विसरायची, मग मी गप्प, सगळा वर्ग तिच्याकडे बघतोय, आणि शेजारची तिला ढोसतेय. दखनी बोलणारा आमचा मुकादम "हं" न म्हणता "फिर?" म्हणायचा. त्याच्या आजोळी तसंच म्हणतात म्हणे. आम्ही ते चालवून घेतलं. हुंकारा देता देता पोरं ऐकायला शिकली. कुठे गोष्ट टेकते, कुठे वळते, कुठे अजून काहीतरी यायचं बाकी आहे, हे त्यांच्या कानाला कळायला लागलं. मी पुस्तकं वाचून जे शिकवायला बघत होते ते एका हंमध्ये आयतं हाती आलं.

आणि मग गणपती उठल्यावर केव्हातरी ती गोष्ट घडली. मी मोठ्या कागदावर कासवाची गोष्ट लिहीत होते. मुलं सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत. लिहिताना मी मोठ्याने बोलते. "कासवाला तहान लागली," लिहिलं आणि शेवटी ठिपका दिला. ती मुलगी उठली, सगळ्यांच्या पायांवरून वाट काढत पुढे आली, त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हितं हं."

तिचा वर्गातला पहिला शब्द. पहिले दोन.

मी तिला उचललंच. मी सहसा मुलांना उचलत नाही, माझी कंबर मला परवानगी देत नाही, पण त्या दिवशी कंबरेला विचारलं कोणी! पूर्णविराम म्हणजे काय हे मी आजवर कितीदा सांगितलं असेल. वाक्याचा शेवट, थांबायची खूण, अमुक आणि तमुक. आणि ह्या पोरीने एका बोटाने सांगून टाकलं की ठिपका म्हणजे हुंकाऱ्याची जागा. वर्गातल्या सगळ्यांना ते तिथल्या तिथे पटलं. मग कागदावरचे सगळे ठिपके शोधून आम्ही प्रत्येकावर हं दिला, आणि शेजारून गिरणीवाला डोकावून गेला की सगळे कण्हत का आहेत.

तेव्हापासून नियमच झाला. जो वाचेल त्याने ठिपक्याशी थांबायचं. वर्ग हं देईल. हुंकारा आल्याशिवाय वाचणाऱ्याने पुढे जायचं नाही.

इकडे आम्ही असे सुखात होतो, आणि तिकडे पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धुरळा उठला होता. कोणाच्या तरी भाचीच्या शाळेतल्या वह्यांचे फोटो येत होते. पानंच्या पानं भरलेली, एकसारखी, लाल शेऱ्यांनी नटलेली. खाली प्रश्न, आपली मुलं कधी लिहिणार? आपल्याकडे कासव चालू आहे, असं कोणीतरी लिहिलं, आणि त्यावर हसण्याचे पिवळे चेहरे आले. मला त्या चेहऱ्यांचा फार राग आला. एकीकडे मला कळतही होतं. ज्यांना स्वतःला शाळेत रडत रडत लिहावं लागलं, त्यांना हसत शिकणं म्हणजे फसवणूक वाटते.

सगळ्यात पुढे होते ते ह्याच मुलीचे वडील. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते आमच्या मोठ्या बाईंकडे येऊन बसले. मोठ्या बाई म्हणजे ज्यांचं हे घर, ज्यांची ही शाळा. मनाने चांगल्या, पण पालक आवाज चढवून बोलले की त्यांचं ब्लडप्रेशर वाढतं. टेबलावर वर्कबुकांचा नमुना पडला होता. ठिपके जोडा, रेघा गिरवा, अननसात रंग भरा. मला आत बोलावलं.

"मॅडम, राग मानू नका," वडील म्हणाले. अंगावर कंपनीचा शर्ट होता, ड्यूटीवरून सरळ आले होते. "पण लई झालं कासव. पोरगी घरी येती आन पाट्या बघून हं हं करती. आम्ही हिला शिकायला पाठवली. हं म्हणायला तर ती गावाकडंच शिकली असती."

"ती वाचतेय," मी म्हटलं.

"पाठ करती ती. वाचणं येगळं."

माझं डोकं तापलं होतं. पण त्या माणसाच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, भीती होती. पुढच्या वर्षी पहिलीत पोरगी मागे पडली तर, ही भीती. मी तोंड आवरलं. मोठ्या बाईंनी मार्ग काढला. संक्रांतीला तिळगुळाच्या कार्यक्रमाला सगळे पालक येतील. मुलांनी त्यांच्यासमोर वाचून दाखवायचं. ह्यांचं समाधान झालं तर बाकीच्यांचंही होईल. नाही झालं तर दुसऱ्या दिवसापासून गोष्टीचा तास बंद, त्या जागी वर्कबुक.

"कासव तोवर पोचेल ना?" मोठ्या बाईंनी मला हळूच विचारलं. त्यांनाही उत्सुकता होती.

"सेव्हन हिलच्या पुलाखाली येईल," मी म्हटलं.

म्हणजे हिशोब साधा होता. माझा गोष्टीचा तास एका पोरीच्या वाचण्यावर टांगलेला, आणि ती पोर अजूनही अनोळखी माणसासमोर तोंड उघडत नव्हती.

संक्रांतीसाठी आम्ही पुठ्ठ्याचं मोठं पुस्तक केलं. प्रत्येकाचं एक पान. वर चित्र, खाली त्याने सांगितलेलं वाक्य, मी लिहिलेलं. तिच्या पानावर पुलाखाली बसलेलं कासव होतं आणि भोवती तिचे ते ढग. तिने मला लिहायला सांगितलं, "कासव दमलं. त्याला मेंढरं भेटली. मेंढरं म्हणाली, चल आमच्यासंग." मी तसंच लिहिलं. एकदा न्यायला आले असताना वडिलांनी ते पान पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे असं लिहिता व्हय? आमच्यासंग?"

"ती असंच म्हणाली."

"आम्ही ते मागं टाकून आलो, मॅडम. मेंढरं आन ते सगळं. आन तुम्ही तेच पुठ्ठ्यावर लिहिताय." ते चिडून बोलले नाहीत. थकल्यासारखे बोलले. पान मात्र मी बदललं नाही.

संक्रांतीचा दिवस उजाडला. पडवीत सतरंज्या, मोठ्या बाईंच्या काळ्या साडीला नवी घडी, ताटात तिळाचे लाडू. लाडवांच्या ताटाचं टेबल डुगडुगू नये म्हणून त्याच्या पायाखाली कोणीतरी वर्कबुकाचा नमुना सरकवला होता. मी नाही. आया भरपूर आल्या, वडील थोडे. तिचे वडील अर्धी सुट्टी टाकून आले होते आणि सगळ्यांत पुढे बसले होते. तिची आई मागे, खांबापाशी.

पोरं एकेक करून उठली. आपापल्या पानावर बोट फिरवत वाचली, ठिपक्याशी थांबली, वर्गाने दणदणीत हं दिला, पुढे गेली. पालकांना मजा वाटायला लागली. आमच्या मुकादमाने आपलं पान वाचून झाल्यावर स्वतःच "फिर?" म्हटलं आणि सगळे हसले. मग ती आली. तिने आवाज न चढवता, पण नीट वाचलं. कासव दमलं. हं. त्याला मेंढरं भेटली. हं. मेंढरं म्हणाली, चल आमच्यासंग. हं. टाळ्या पडल्या. माझा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात वडील उभे राहिले.

"हे तिचंच हाय. तोंडपाठ असणार. नवं काहीतरी द्या."

मोठ्या बाईंनी कपाळावरचा घाम टिपला आणि खडू वडिलांच्याच हातात दिला. "तुम्हीच लिहा. तुमचं समाधान झालं पाहिजे. आणि मुलांनो, आता कोणीही आवाज करायचा नाही. कोणी काही सांगायचं नाही."

वडील फळ्याशी गेले. खडू धरून थोडा वेळ उभेच राहिले. लोकांसमोर आयत्या वेळी काय लिहायचं हे कोणालाच सुचत नाही. मग त्यांनी मोठ्या, सरळ अक्षरांत लिहिलं आणि बाजूला झाले.

एक मेंढी होती. ती वाट चुकली. ती रडली नाही.

ती फळ्यासमोर आली. बोट पहिल्या शब्दाखाली. "एक," ती म्हणाली. मग जरा वेळ. "में... ढी. मेंढी. होती." बोट ठिपक्याशी आलं आणि ती थांबली.

थांबली ती थांबलीच.

वडिलांनी मोठ्या बाईंकडे बघितलं. बघा, असंच त्या बघण्यात होतं. मागे कोणीतरी कुजबुजलं, अडली वाटतं. अडली नव्हती हो! सतरंजीवरच्या प्रत्येक पोराला माहीत होतं ती कशासाठी थांबली आहे. ती हुंकाऱ्यासाठी थांबली होती. आमचा मुकादम गाल फुगवून लाल झाला होता. एका मुलीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. मोठ्या बाईंनी आवाज करू नका म्हटलं होतं, आणि मी एकदा हं दिला असता तर वडील म्हणाले असते, बघा, बाईंनी खूण केली. आयुष्यभर मी मुलांना तोंडावर बोट ठेवा म्हटलं नाही. त्या क्षणी मी स्वतःच्या तोंडावर बोट ठेवून बसले होते आणि माझे डोळे भरून आले होते.

ती वळली नाही, घाबरली नाही. तिने त्या ठिपक्यावर बोटाने टकटक केली. मग वडिलांकडे बघितलं. पुन्हा टकटक. तिच्या चेहऱ्यावर ते जूनमधलं बघणं होतं. तुम्ही काहीतरी विसरलात, आठवेपर्यंत मी थांबते.

वडील त्या बोटाकडे बघत होते. खडू हातात तसाच. त्यांचे ओठ मिटलेले होते, आणि मग गळ्यातून, त्यांना न विचारता, आवाज आला.

"हं."

ते स्वतःच दचकले. मागे खांबापाशी त्यांच्या बायकोने पदर तोंडाला लावला.

"ती वाट चु... चुकली," तिने लगेच वाचलं आणि ठिपक्याशी थांबली.

"हं," वडील म्हणाले. आता जरा स्पष्ट. माळावर आपल्या बापाच्या मागे चालताना देत असतील तसा.

"ती रडली नाही."

"हं."

मोठ्या बाई टाळ्या वाजवायला लागणार होत्या, पण ती पोर काही हलेना. फळ्यावर पुढे काहीच नव्हतं. तिने मोकळ्या जागेकडे बघितलं, मग वडिलांकडे. "पुढं?" ती म्हणाली. एवढ्या माणसांसमोर, खणखणीत.

"पुढं काय? झालं," वडील म्हणाले.

"मेंढी घावली का नाय?"

आता पडवीत कोणालाच टाळ्या वाजवायच्या नव्हत्या. मेंढी वाट चुकून उभी होती आणि तिला तसंच सोडून तिळगूळ कसा खाणार? वडिलांनी मागे बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खांदे उडवले. गोष्ट त्यांनी सुरू केली होती. शेवटी ते फळ्याकडे वळले आणि लिहायला लागले, आणि ती त्यांच्या खडूच्या मागोमाग वाचत गेली, आणि मोठ्या बाईंचा हुकूम विसरून सगळा वर्ग प्रत्येक ठिपक्याला हुंकारा देत गेला. मेंढी तळ्याकाठी गेली. हं. रात झाली. हं. मग एक माणूस काठी घेऊन आला. हं. हळूहळू आयाही हं म्हणायला लागल्या. "फिर?" आमचा मुकादम ओरडला. वडिलांची पाठ आमच्याकडे होती, पण त्यांचे कान हसत होते, मला दिसत होतं. फळा भरत आला तेव्हा त्यांनी खाली, उरलेल्या एवढ्याशा जागेत, अक्षरं दाटीवाटीने बसवत शेवटचं वाक्य लिहिलं. लिहिताना ते एकदा थांबले. मग पूर्ण केलं.

तिने ते सावकाश वाचलं. "माणूस म्हणाला, चल माझ्यासंग."

तेव्हाचा हं गिरणीपलीकडे ऐकू गेला असणार.

मोठ्या बाईंनी गोष्टीच्या तासाबद्दल काही घोषणा केली नाही. त्या फक्त लाडवांचं ताट घेऊन फिरायला लागल्या, आणि मला दोन दिले. वडील खडूचे हात झटकत माझ्यापाशी आले. मुलगी त्यांच्या बोटाला धरून होती. त्यांनी विचारलं, "मॅडम, ते कासव शाळेत कधी पोचणार?"

"आता सेव्हन हिलच्या पुलाखाली आहे. मनात आणलं तर उद्याही पोचवेन."

"नका," ते म्हणाले. "इतक्यात नका पोचवू."